युद्धावरून परतलेल्या सैनिकाला इतका राग का येतो?

सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या बहुतेक गावांत एखादे तरी 'मेजर' असतात. हुद्दा शिपायाचा असो की सुभेदाराचा, फौजेतून पेन्शनवर आलेल्या माणसाला गाव मेजरच म्हणतं. त्यातल्या एखाद्याबद्दल पारावर हलक्या आवाजात बोललं जातं, "माणूस लाखाचा, पण डोकं भारी गरम. मिलिटरीवाला पडला ना!" पारावरचा विषय तिथे संपतो. घरच्यांचा संपत नाही. कुकरची शिट्टी झाली की ताडकन उठून उभा राहणारा, पोराच्या हातून तांब्या पडला म्हणून घर डोक्यावर घेणारा आणि घटकाभराने ओटीवर मान खाली घालून बसणारा माणूस ते रोज बघत असतात. सीमेवर ज्याने कमालीचा संयम दाखवला, त्याला घरातला एवढासा आवाज का सोसत नाही, हे कोडं त्यांना सुटत नाही. बहुतेकदा त्याला स्वतःलाही सुटत नाही.

गेली चाळीसेक वर्षं या कोड्यावर संशोधन चालू आहे. ते मुख्यतः व्हिएतनाम, इराक आणि अफगाणिस्तानातून परतलेल्या अमेरिकन, ऑस्ट्रेलियन आणि ब्रिटिश सैनिकांवर झालं. त्याचं सार आपल्या घरांपर्यंत पोचायला हवं असं मला मनापासून वाटतं. हा राग दरवेळी स्वभावातून येत नाही. अनेकदा तो एका आजाराचं लक्षण असतो. त्याचं माप घेता येतं, त्यावर वेगळे उपचार आहेत, आणि त्याच्याकडे काणाडोळा केला तर मूळ आजारावरचे उपचारही रखडतात.

## आधी आजाराची ओळख

जिवावर बेतलेला प्रसंग भोगला किंवा डोळ्यांसमोर पाहिला, की त्यानंतर काही दिवस झोप उडणं, दचकणं, तेच ते आठवत राहणं हे कुणालाही होतं. बहुतेकांचं ते हळूहळू ओसरतं. काहींचं ओसरत नाही. महिना उलटून गेल्यावरही त्रास चालूच राहिला आणि रोजच्या जगण्यात अडथळे येऊ लागले, तर त्याला पीटीएसडी म्हणतात. मराठीत आघातानंतरचा तणाव विकार म्हणता येईल, पण डॉक्टरांच्या तोंडी पीटीएसडीच असतं, म्हणून इथेही तोच शब्द वापरू.

त्याची लक्षणं चार गटांत मांडतात. नको असताना प्रसंग पुन्हा पुन्हा समोर येणं, जागेपणी आणि स्वप्नातही. त्याची आठवण करून देणारी माणसं, जागा, विषय टाळणं. मन काळवंडणं, म्हणजे स्वतःला दोष देत राहणं, कुणाबद्दल माया न वाटणं, कशात रस न उरणं. आणि चौथा गट, शरीर सतत ताणलेलं राहणं: झोप न लागणं, सारखा कानोसा घेत बसणं, चटकन भडकणं.

अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत हा आजार १९८० साली आला. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी आणि त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या डॉक्टरांनी त्यासाठी बराच झगडा केला होता. त्याआधी पहिल्या महायुद्धात याच त्रासाला 'शेल शॉक' म्हणत आणि पुष्कळांच्या कपाळी भित्रेपणाचा शिक्का बसे. २०१३ च्या आवृत्तीत राग दोन ठिकाणी आहे. किरकोळ कारणावरून किंवा कारणाशिवाय होणारा उद्रेक, तोंडाने वा हाताने, हे चौथ्या गटातलं लक्षण. आणि मनात सतत धुमसत राहणारा संताप हे तिसऱ्या गटातलं. दोन्ही एकाच माणसात असू शकतात. एखादा वरून शांत दिसतो आणि आत जळत असतो, त्याचाही यात समावेश आहे.

## शरीर पहाऱ्यावरच राहतं

ज्वारीची कणसं भरली की रानडुकरांच्या धास्तीने शेतकरी रात्री जागलीला जातो. पानं सळसळली की बॅटरी मारायची, आरोळी ठोकायची. कधी नुसता वारा असतो, पण आरोळी फुकट गेली तर बिघडत नाही, गप्प राहिलो तर पीक जातं. हा हिशेब शेतात बरोबर आहे. आता अशी कल्पना करा की मळणी झाली, धान्य घरात आलं, तरी तो माणूस रोज रात्री जागलीलाच आहे, आणि घरात कुणी पाणी प्यायला उठलं तरी आरोळी ठोकतो.

पीटीएसडीत शरीराचं असंच होतं. धोका ओळखणारा मेंदूचा एक छोटा भाग आहे, त्याला अमिग्डाला म्हणतात. कपाळामागचा मेंदूचा पुढचा भाग त्याला आवरतो: "थांब, हा स्फोट नाही, भांडं पडलं." पीटीएसडीत पहिला भाग अति तत्पर होतो आणि दुसऱ्याचा लगाम सैल पडतो. परिणाम असा, की विचार पोचायच्या आत छाती धडधडते, मुठी आवळल्या जातात, आवाज चढतो. "मला कळायच्या आत तोंडातून गेलं," असं हे लोक सांगतात तेव्हा ते बहाणा करत नसतात.

रेमंड नोव्हाको आणि क्लॉड केमटॉब या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात याची नेमकी मांडणी केली. त्यांचं म्हणणं, लढाईत माणसाचं मन जगण्या-मरण्याच्या अवस्थेत जातं. त्या अवस्थेत धोका शोधणं, शत्रूचा हेतू वाईटच धरणं आणि तत्काळ तुटून पडणं, या तिन्ही गोष्टी एकमेकींना जोडल्या जातात. पुढे घरी, धोका नसतानाही, लहानशा खुणेवरून तीच अवस्था चालू होते. मग शेजाऱ्याने बांध कोरला तो चुकून असेल, असं वाटतच नाही. मुद्दामच केलं, असंच वाटतं. आणि जे मुद्दाम केलं असं वाटतं, त्याचा राग कैकपटीने येतो.

## जे तिथे वाचवतं, ते इथे नडतं

इराकमध्ये रस्त्याच्या कडेला पेरलेले बॉम्ब हा अमेरिकन सैनिकांपुढचा सगळ्यात मोठा धोका होता. कचऱ्याचा ढीग, मेलेलं जनावर, कडेला उभी गाडी, कशातही स्फोटकं असू शकत. म्हणून गाडी रस्त्याच्या मधून हाणायची, वेग कमी करायचा नाही, आडवं येणाऱ्याला जवळ येऊ द्यायचं नाही, एकाएकी लेन बदलायची. हे नियम पाळणारे जिवंत परतले. मायदेशी आल्यावर तोच सैनिक मुलीला शाळेत सोडायला निघतो, पुलाखालून जाताना श्वास रोखतो, मागून कुणी हॉर्न दिला की गाडी आडवी घालून खाली उतरतो.

अमेरिकी लष्कराच्या वॉल्टर रीड संशोधन संस्थेने याच जोड्या मांडून परतणाऱ्या सैनिकांसाठी 'बॅटलमाइंड' नावाचं प्रशिक्षण तयार केलं. त्यातल्या दोन-तीन जोड्या फार बोलक्या आहेत. युद्धात साथीदारांवर पूर्ण विश्वास, घरी मात्र त्यांच्यावाचून कुणालाच आपलं कळणार नाही म्हणून एकटं पडणं. युद्धात प्रत्येक वस्तूचा हिशेब ठेवणं, घरी टॉवेल जागेवर नाही म्हणून थयथयाट. युद्धात हुकूम झाला की पाळणं हे सगळ्यांच्या जिवासाठी, घरी चौदा वर्षांच्या मुलाने "का?" विचारलं की तो उद्धटपणा वाटणं.

मला या मांडणीतली एक गोष्ट विशेष भावते. ती सैनिकाला "तू बिघडलास" म्हणत नाही. तू शिकलास ते खरं होतं, फक्त आता जागा बदलली आहे, असं ती सांगते. असं सांगितलेलं फौजेतला माणूस ऐकून घेतो.

## भीतीपेक्षा राग बरा वाटतो

भीती वाटली की माणसाला हतबल वाटतं. राग आला की अंगात बळ आल्यासारखं वाटतं, आपल्या हातात काहीतरी आहे असं वाटतं. त्यामुळे पुष्कळ जणांच्या मनात भीती, दुःख, शरम वर यायला लागली की त्यांच्या जागी राग उभा राहतो. सैन्यात घाबरल्याचं दाखवायची सोय नसते, साथीदार गेला तरी दोन मिनिटं रडून पुन्हा कामाला लागावं लागतं. राग मात्र तिथे चालतो, किंबहुना उपयोगी पडतो. वर्षानुवर्षं हीच एक वाट मोकळी राहिली, की प्रत्येक भावना तिथूनच बाहेर येते.

आणि काही राग खरोखर फसवणुकीचा असतो. वरिष्ठांच्या चुकीच्या निर्णयाने आपली माणसं गेली, नको ते करावं लागलं, किंवा जे थांबवता आलं असतं ते थांबवलं नाही, अशी बोच कित्येकांच्या मनात राहते. ब्रेट लिट्झ आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये याला 'मॉरल इंज्युरी', म्हणजे नैतिक जखम, या नावाने सविस्तर मांडलं. इथे भीती मुख्य नसते. न्याय झाला नाही, हे मुख्य असतं. अशा माणसाला श्वासाचे व्यायाम शिकवून भागत नाही. त्याचं म्हणणं कुणीतरी पूर्ण ऐकावं लागतं.

## पण असे किती जण?

सगळेच नक्कीच नाहीत, अर्धेही नाहीत. व्हिएतनाम युद्धात प्रत्यक्ष रणभूमीवर गेलेल्या पुरुषांपैकी सुमारे ३१ टक्क्यांना आयुष्यात कधी ना कधी पीटीएसडी झाला, असा अंदाज १९८० च्या दशकातल्या मोठ्या राष्ट्रीय पाहणीने दिला होता. २००६ मध्ये तीच माहिती लष्करी नोंदींशी ताडून अधिक कडक निकषांनी तपासली, तेव्हा आकडा सुमारे १९ टक्क्यांवर आला. रागाचं स्वतंत्र माप अमेरिकेतल्या 'मिलेनियम कोहॉर्ट' या दीर्घ अभ्यासात घेतलं गेलं. त्यात सेवेतले आणि निवृत्त मिळून ९०,००० हून अधिक जण होते आणि २०२० च्या अहवालानुसार त्यातल्या १७.३ टक्क्यांना त्रासदायक पातळीचा राग होता. म्हणजे सहा जणांत एक.

पीटीएसडी आणि राग यांचं नातं किती घट्ट आहे हे पाहण्यासाठी ओर्थ आणि वीलंड या संशोधकांनी २००६ मध्ये ३९ अभ्यास एकत्र करून तपासले. अपघात, अत्याचार, आपत्ती अशा सगळ्या आघातांनंतर हे नातं दिसलं, पण लष्करी लोकांत ते सर्वांत ठळक होतं.

## "मिलिटरीत जातातच तापट लोक, त्यात नवल काय?"

ही शंका रास्त आहे. तरुण, धाडसी, अंगात रग असलेली मुलं सैन्यात जास्त जातात, आणि लहानपणी घरात मारहाण पाहिलेली किंवा आधीपासून भांडखोर असलेली मुलं पुढेही जास्त अडचणीत येतात, हे अभ्यासांत दिसलं आहे. पण तेवढ्यावर भागत नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी सुमारे १४,००० ब्रिटिश सैनिकांची माहिती पोलिसांच्या नोंदींशी जोडून २०१३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. पूर्वीचा स्वभाव, वय, हुद्दा हे सगळं हिशेबात धरूनही लढाईतला प्रत्यक्ष सहभाग, पीटीएसडी आणि परतल्यानंतरची दारू यांचा हिंसक गुन्ह्यांशी संबंध उरला. पीटीएसडीच्या लक्षणांत सर्वांत जवळचा संबंध कशाचा होता? त्या चौथ्या गटाचा, शरीर ताणलेलं राहण्याचा.

## "म्हणजे असा माणूस धोकादायक समजायचा?"

नाही, आणि हे ठामपणे सांगायला हवं, कारण बातम्यांत माजी सैनिकाच्या हातून एखादा गुन्हा घडला की सगळ्यांकडे त्याच नजरेने पाहिलं जातं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एरिक एल्बोगेन यांनी इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्या सैनिकांचा वर्षभर मागोवा घेतला. २०१४ मध्ये आलेले त्यांचे आकडे असे: ज्यांना पीटीएसडी नव्हता आणि दारूचाही प्रश्न नव्हता, त्यांच्यात वर्षभरात गंभीर हिंसा केलेले ५.३ टक्के. फक्त पीटीएसडी असलेल्यांत १० टक्के. फक्त दारूचा प्रश्न असलेल्यांत १०.६ टक्के. आणि दोन्ही असलेल्यांत ३५.९ टक्के. इतर गोष्टी हिशेबात धरल्या, की नुसता पीटीएसडी आणि गंभीर हिंसा यांचा संबंध ठोस राहिला नाही. दारू जोडीला आली की चित्र पालटतं.

त्यामुळे घरात "दारू सोडा" आणि "राग सोडा" अशी दोन वेगळी भांडणं चालू असतील, तर ती एकच आहेत असं समजून एकाच डॉक्टरसमोर मांडायला हवीत. झोप यावी म्हणून, स्वप्नं पडू नयेत म्हणून सुरू झालेली दारू झोपेची प्रत बिघडवते. अपुऱ्या झोपेने चिडचिड वाढते आणि चिडचिड शमवायला पुन्हा पेला भरला जातो.

## राग मोजतात कसा?

ऑस्ट्रेलियात व्हिएतनाम सैनिकांवर दीर्घकाळ काम करणाऱ्या डेव्हिड फोर्ब्स यांच्या गटाने पाच प्रश्नांची एक छोटी चाचणी तपासून पक्की केली. तिला डीएआर-५ म्हणतात. गेल्या चार आठवड्यांबद्दल विचारायचं: माणसांवर किंवा प्रसंगांवर राग येत होता का? आला तर तो फार तीव्र होता का? एकदा आला की तसाच टिकून राहायचा का? समोरच्याला मारावंसं वाटायचं का? रागामुळे लोकांशी जुळवून घेणं अवघड झालं का? प्रत्येकाला १ ते ५ गुण, १ म्हणजे जवळजवळ कधीच नाही आणि ५ म्हणजे जवळजवळ सतत. बेरीज १२ किंवा त्याहून जास्त आली, तर तज्ज्ञाला दाखवावं.

पाच प्रश्नांत कुणी रोगी ठरत नाही. पण "तुम्ही फार चिडता" आणि "गेल्या महिन्यात तुमचे १७ गुण होते, या महिन्यात १३ झाले" या दोन वाक्यांत केवढा फरक आहे! पहिल्यात आरोप आहे. दुसऱ्यात काम पुढे सरकल्याचा पुरावा आहे, आणि फौजेतल्या माणसाला असा हिशेब पटतो.

## मूळ आजार बरा केला की राग आपोआप जाईल ना?

डॉक्टरांनाही बराच काळ असंच वाटत होतं. पीटीएसडीवरच्या चांगल्या उपचारांत रुग्णाला तो प्रसंग सुरक्षित जागी, मदतीला माणूस असताना, पुन्हा पुन्हा आठवायला आणि सांगायला लावतात. भीतीला सामोरं गेल्यावर ती हळूहळू उतरते. एडना फोआ यांनी हा उपचार घडवला. अत्याचार झालेल्या स्त्रियांवर १९९५ मध्ये त्यांनी केलेल्या अभ्यासात एक अडसर दिसला: ज्यांच्या मनात सुरुवातीला राग जास्त होता, त्यांना प्रसंग आठवताना भीती पुरेशी जाणवतच नव्हती आणि उपचाराचा फायदाही कमी होत होता. फोर्ब्स यांच्या गटाला ऑस्ट्रेलियन सैनिकांतही हेच दिसलं. सुरुवातीचा तीव्र राग असला की पीटीएसडी कमी सुधारतो.

सगळ्यांचं असं होत नाही. काहींचा राग या उपचारांतच उतरतो, म्हणून राग आहे या कारणाने कुणाला उपचार नाकारणं चूकच ठरेल. पण ज्यांचा उतरत नाही, त्यांच्या रागावर थेट काम करावं लागतं.

ते कसं? केमटॉब आणि नोव्हाको यांनी हवाई बेटांवरच्या होनोलुलूत व्हिएतनाम सैनिकांवर १२ सत्रांचा कार्यक्रम करून पाहिला. आधी रागाची वही ठेवायची: कुठे होतो, काय घडलं, अंगात पहिली खूण कोणती झाली, मनात कोणतं वाक्य आलं, मी काय केलं. जबडा आवळणं, कान तापणं, हात मुठीत जाणं, या खुणा उद्रेकाच्या काही क्षण आधी येतात. त्या ओळखता आल्या की थांबायला जागा मिळते. मग शरीर सैल सोडण्याचा सराव, आणि मनातलं वाक्य तपासण्याची सवय: "त्याने मुद्दाम केलं" याचा पुरावा काय? शेवटी सोप्या प्रसंगापासून अवघड प्रसंगापर्यंत, तज्ज्ञासमोर बसून, कल्पनेत आणि अभिनयात त्यांची तालीम. फौजेत हत्यार चालवायला जसं पुन्हा पुन्हा घोटून शिकवतात, तसंच.

१९९७ मध्ये आलेला तो अभ्यास लहान होता, अवघ्या १५ जणांनी तो पूर्ण केला. तरी नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा या लोकांचा रागावरचा ताबा सुधारला आणि दीड वर्षाने पाहिलं तेव्हाही टिकून होता. पुढे २०१० मध्ये हवाई बेटांवरच्या दुर्गम भागातल्या १२५ सैनिकांना असंच प्रशिक्षण निम्म्यांना समोरासमोर आणि निम्म्यांना व्हिडिओवरून दिलं. व्हिडिओवाले मागे पडले नाहीत. जिल्ह्याच्या ठिकाणी तज्ज्ञ शोधावा लागणाऱ्या आपल्यासारख्यांना हा निष्कर्ष फार मोलाचा आहे.

गोळ्यांचं थोडक्यात सांगायचं तर सर्ट्रालीन आणि पॅरॉक्सेटीन या दोन औषधांना अमेरिकेत पीटीएसडीसाठी औपचारिक मान्यता आहे. त्यांनी काहींचा ताण आणि चिडचिड कमी होते. पण खास रागावरची गोळी नाही, आणि मनाने औषध सुरू करणं किंवा अचानक बंद करणं टाळावं.

## "राग बाहेर काढला की मन मोकळं होतं, असं म्हणतात"

म्हणतात खरं, पण तसं होत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये ६०० विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. आधी त्यांना चिडवलं. मग काहींना, ज्याने चिडवलं त्याचा विचार करत ठोसे मारायच्या बॅगेवर हात चालवायला सांगितलं. हे लोक नुसतं बसून राहिलेल्यांपेक्षा जास्त रागावलेले आणि जास्त आक्रमक निघाले. उशी बडवणं, भांडी आपटणं, ओरडून घेणं हा रागाचाच सराव आहे. व्यायाम जरूर करावा, शेतात राबावं, चालायला जावं, पण कुणाचं तोंड डोळ्यांसमोर ठेवून नाही.

राग गिळून टाकणं हा उलट टोकाचा मार्गही कामाचा नाही. ओर्थ आणि वीलंड यांच्या त्या अभ्यासात आत कोंडलेल्या रागाचंही पीटीएसडीशी घट्ट नातं दिसलं होतं.

## "मग घरच्यांनी सगळं सहन करायचं?"

अजिबात नाही. आजार समजून घेणं वेगळं आणि मार खाणं वेगळं. कारण कळलं म्हणून जबाबदारी संपत नाही, आणि चांगले उपचार करणारे लोक हे सैनिकाला पहिल्याच दिवशी सांगतात. बॉस्टनमध्ये केसी टाफ्ट यांनी घरात हात उचलणाऱ्या सैनिकांसाठी 'स्ट्रेंग्थ ॲट होम' नावाचा १२ आठवड्यांचा गटकार्यक्रम उभा केला. २०१६ मध्ये १३५ पुरुषांवर झालेल्या चाचणीत या गटातल्या लोकांची मारहाण आणि मानसिक छळ, दोन्ही जास्त घटले. माणसं बदलू शकतात, पण त्यासाठी आपण काय केलं ते आधी कबूल करावं लागतं.

बायकांना एवढंच सांगावंसं वाटतं: आवाज चढलेला असताना समजूत घालत बसू नका, वाद जिंकायचाही प्रयत्न करू नका. "आपण अर्ध्या तासाने बोलू" म्हणून मुलांना घेऊन बाजूला व्हा, आणि हे शांत वेळी दोघांनी आधीच ठरवून ठेवा. झोपलेल्या माणसाला हात लावून उठवू नका, लांबून नावाने हाक मारा. हात उचलला गेला तर ११२ किंवा महिलांसाठीचा १८१ क्रमांक आहे आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदाही. देशासाठी लढलेल्या माणसाची तक्रार कशी करायची, या संकोचात कित्येक जणी वर्षं काढतात. तुमची आणि मुलांची सुरक्षितता आधी. उपचार त्यानंतरही होऊ शकतात.

## आपल्याकडे हे असतं का?

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेलेल्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून १४७ दिवस ती फौज कूत शहरात वेढ्यात अडकली, उपासमार झाली, आणि एप्रिल १९१६ मध्ये शरण गेलेल्यांना तुर्कांच्या कैदेत जावं लागलं. त्यातले जे परतले, ते आपल्या घरी रात्री कसे झोपले, कुणावर कसे रागावले, हे विचारायला त्या काळी कुणी नव्हतं. साताऱ्याजवळचं अपशिंगे गाव तर मिलिटरी अपशिंगे म्हणूनच ओळखलं जातं, इतक्या पिढ्या तिथून फौजेत गेल्या. तेव्हा असं काही आपल्याकडे नसतं, हे मला पटत नाही. भारतीय सैन्यातल्या अभ्यासांत पीटीएसडीचं प्रमाण बऱ्याचदा कमी दिसतं. एकत्र कुटुंब, पलटणीतला जिव्हाळा यांचा त्यात खरोखर वाटा असेल. पण सेवेतला जवान मनाचा त्रास सांगायला कचरतो, कारण लो मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तब्येतीचा खालचा दर्जा, लागली तर बढती, पोस्टिंग सगळ्यावर परिणाम होईल ही धास्ती असते. निवृत्तीनंतर धास्ती जाते आणि लाज उरते.

मदत मात्र पूर्वीपेक्षा जवळ आली आहे. टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलता येतं, आणि डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, खास सैन्यदलांसाठी तिचा कक्ष सुरू झाला. निवृत्तांना ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमधून मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवता येतं. वाट माहीत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावं. डॉक्टरांकडे गेल्यावर नुसतं "झोप येत नाही" सांगून गोळी घेऊन परतू नका. किती वेळा भडका उडतो, किती दारू होते, कुणावर हात उचलला का, स्वतःला संपवावंसं वाटलं का, हे चारही सांगा. शेवटचं विशेष, कारण असा संताप कधीकधी स्वतःवरच उलटतो. तसं मनात येत असेल तर उद्याची वाट न पाहता १४४१६ लावा आणि घरातल्या कुणाला तरी सोबत बसवा.

## "आता सत्तरी आली, या वयात काय फरक पडणार?"

काळ गेला म्हणून हा त्रास आपोआप जात नाही. व्हिएतनाम सैनिकांना युद्धानंतर चाळीस वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा रणभूमीवर गेलेल्या पुरुषांपैकी सुमारे ११ टक्क्यांत पीटीएसडी पूर्ण किंवा अर्धवट रूपात अजून होता. काहींचा तर मधल्या काळात वाढला होता. पण होनोलुलूच्या त्या १२ सत्रांत बसलेले लोकही ताजे परतलेले नव्हते. त्यांचं युद्ध संपून वीस वर्षं उलटली होती, आणि नेहमीचे उपचार चालू असूनही राग न हटल्यामुळेच त्यांना तिथे घेतलं होतं. वही लिहायला ते तेव्हा शिकले.